जर-तरची शिकवणी

“जर-तरची वाक्यं तेवढी पक्की करून द्या, मॅडम. बाकीचं इंग्रजी तिला काही नको.”

अण्णा शेवाळे खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होते. कराडमध्ये त्यांची लाकडाची वखार होती आणि दोन-चार संस्थांवर ते पदाधिकारी होते. त्यांची जीप माझ्या दारात इतकी चिकटून उभी होती की बाहेरचा उजेड अडला होता. खुर्चीमागे दोघी उभ्या होत्या, अण्णांची पुतणी जयमाला आणि पत्नी हिराबाई. मी बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. अण्णांनी मान हलवली तेव्हा बसल्या.

मी तेव्हा कॉलेजात तासांवर इंग्रजी शिकवायचे आणि दुपारी घरी शिकवण्या घ्यायचे. कुणी दहावीचं करून द्या म्हणायचं, कुणी बँकेच्या परीक्षेचं. नुसतं जर-तर मागणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

“जर-तरच का?” मी विचारलं.

“व्हिसाचा साहेब आडवं विचारतो. जर नवऱ्याची नोकरी गेली तर काय कराल? जर तिकडं करमलं नाही तर परत याल का? आमचे जावई कॅनडात असतात. त्यांनीच फोनवर सांगितलं, पोरी तिथंच अडखळतात. अनुभव आहे त्यांना.”

“लग्न झालंय?”

“व्हायचंय. तारीख धरलीय. लग्न झालं की लगेच मुंबईला मुलाखत.”

ज्याचं लग्न व्हायचंय त्याला पोरी कुठं अडखळतात याचा अनुभव कसा, हे माझ्या मनात आलं. पण अण्णा उठले होते.

“आणखी एक. हिची काकी सोबत बसंल. पोरीला एकटी सोडायची आमच्यात पद्धत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून दोघी येऊ लागल्या. जीप त्यांना सोडायची आणि तास संपायच्या आधीच येऊन उभी राहायची. हिराकाकी उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसायच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला त्यांचे पाय ओलांडूनच जावं लागलं असतं. पिशवीतून क्रोशाची सुई काढायच्या, मान खाली घालायच्या आणि विणत राहायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. माझी आई एकदा त्यांच्याशी गप्पा मारायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. “दगडाशी बोलल्यासारखं वाटतं गं,” म्हणाली, आणि रोजच्या वेळी देवळात निघून गेली.

जयमाला हुशार होती, हे मला पहिल्याच तासात कळलं. बारावी सायन्स झालेली, सांगलीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नावही लागलेलं. तिला जर-तर शिकवायला माझी गरज नव्हती. तरी मी वहीत लिहिलं नाही, तोंडीच घेतलं, कारण साहेब तोंडीच विचारणार होता.

“इफ द बस कम्स लेट,” मी सुरुवात करून द्यायची. तिनं पुरं करायचं.

“आय विल वेट.”

“छान. इफ माय हजबंड लूझेस हिज जॉब?”

“आय विल हेल्प हिम.”

“इफ आय गो टू कॅनडा?”

इथं ती थांबली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, “इफ आय गो टू कॅनडा, आय विल नॉट कम बॅक.”

मी गेले तर परत येणार नाही. मला वाटलं, साहेबापुढं असं म्हटलं तर व्हिसा मिळायचा नाही, एवढंच. मी तिला वाक्य बदलायला सांगितलं. तिनं बदललं.

त्यानंतर दुसऱ्या प्रकारची वाक्यं आली, म्हणजे जे नाही ते असतं तर. मी पाखराचं नेहमीचं उदाहरण दिलं. मी पाखरू असते तर उडाले असते. आता तुझं सांग म्हटलं.

“इफ माय फादर वेअर अलाइव्ह,” जयमाला म्हणाली, “ही वुड आस्क अबाउट द फर्स्ट वाइफ.”

वडील असते, तर त्यांनी पहिल्या बायकोबद्दल विचारलं असतं.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलक्लॉथवरच्या फुलाकडे बघत होती.

“काय म्हणली ती?” स्टुलावरून आवाज आला. हिराकाकी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलत होत्या.

“वडील असते तर,” मी म्हणाले, “त्यांना आनंद झाला असता म्हणाली.”

काकींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सुई पुन्हा चालू केली. मी खोटं का बोलले ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत राहिलं. पण विश्वास ठेवायचा कसा? एकोणीस वर्षांच्या मुली गोष्टी रचतात. मागच्याच वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं सावत्र आई उपाशी ठेवते म्हणून मला रडवलं होतं, आणि ती सावत्र आई सख्खी निघाली होती. शिवाय या मुलीचं दुसरीकडेच कुणाशी जमलेलं असेल आणि मला शिडी करून तिला भिंत ओलांडायची असेल, असंही होऊ शकत होतं. उद्या ती पळाली तर अण्णांची जीप माझ्याच दारात येणार होती.

म्हणून पुढच्या तासाला मी तिची परीक्षा घेतली. आवाज नेहमीचाच ठेवला, फळ्यावर वाक्य गिरवत ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले, “इफ धिस इज ओन्ली ग्रामर, क्लोज युअर बुक.” हे नुसतं व्याकरण असेल तर पुस्तक मीट.

जयमालानं दोन्ही तळवे उघड्या पुस्तकावर ठेवले आणि दाबून धरले.

“इफ देअर इज अ बॉय, टेल मी.” कुणी मुलगा असेल तर सांग.

तिच्या ओठाचा कोपरा हलला. “इफ देअर वेअर अ बॉय, आय वुड नॉट नीड यू, मॅडम.”

मुलगा असता, तर तुमची गरज पडली नसती. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला.

तिथून पुढं आमचा तास वेगळाच चालू लागला. मी मोठ्यानं साहेबाचे प्रश्न विचारायची आणि ती उत्तरांत एक-एक गोष्ट सरकवायची. नवरा मुलगा चाळिशीच्या पुढचा होता. साखरपुड्याला त्याची आई जयमालाच्या गालावरून हात फिरवत म्हणाली होती, “या वेळी तरी टिकू दे रे देवा.” अण्णांनी तिचं सांगलीचं नाव काढून घेतलं होतं. आणि मग एकदा तिनं पुरं नाव-गावच उच्चारलं.

“इफ यू गो टू उंब्रज, आस्क फॉर नलिनी ॲट द फ्लोअर मिल.”

बाकीचं इंग्रजी ठीक, पण उंब्रज आणि नलिनी कुठल्याही भाषेत उंब्रज आणि नलिनीच. मी घाईघाईनं काकींकडं बघितलं. त्यांची सुई थांबली नव्हती. एका लयीत टाका, ओढ, टाका चाललं होतं. मला हायसं वाटलं. खरं तर मला तिथंच शंका यायला हवी होती.

“तुला हे नाव कसं कळलं?” मी हळूच इंग्रजीत विचारलं.

तिनं तेही जर-तरमध्येच बसवलं. काकी स्वयंपाकघरात स्वतःशी बडबडत नसत्या, तर मला नलिनीचं नाव कधीच कळलं नसतं. मी दाराआड होते ते त्यांना माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी उंब्रजला गेले. गिरणी शोधायला वेळ लागला नाही. पिठानं पांढरी झालेली एक बाई पट्ट्याजवळ उभी होती, तिशीची असेल. मी जवळ जाऊन नाव विचारलं, तर तिनं हातानं मला फिरवून आपल्या उजव्या बाजूला घेतलं.

“ह्या बाजूनं बोला. तिकडून ऐकू येत न्हाई.”

मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. कॅनडा म्हटल्यावर तिनं गिरणी बंद केली. एकदम शांतता पसरली आणि आम्ही दोघी पिठाच्या वासात उभ्या राहिलो.

“आणखी एक पोरगी बघितली का त्यानं?” ती म्हणाली. “म्हणजे आता तिसरी.”

“तिसरी?”

“माझ्यानंतर एक नेली की. वाळव्याकडची. ती परत आलेली मी तरी ऐकली न्हाई.”

“तिथं काय झालं, सांगाल?”

“काय सांगायचं? दाराला बाहेरनं कुलूप. पासपोर्ट त्याच्यापाशी. कुणाशी बोलायचं न्हाई, खिडकीत उभं ऱ्हायचं न्हाई. मी उभी ऱ्हायले एकदा.” तिनं डाव्या कानावर तळवा ठेवला. “शेजारची बाई पंजाबी होती. तिनं पोलीस बोलावलं म्हणून सुटले. आता गिरणीचा आवाज एकाच कानात जातो. तेवढंच बरंय.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

“तुम्ही अण्णा शेवाळ्यांना हे सांगितलं नाही?”

“त्यांना म्हायती न्हाई असं वाटतंय तुम्हाला?” असं म्हणून तिनं गिरणीचा खटका ओढला.

परतीच्या एसटीत माझ्या शंका संपल्या होत्या, त्यांच्या जागी भीती आली होती. अण्णांना माहीत आहे, म्हणजे अण्णांशी बोलून उपयोग नाही. आणि काकी? नलिनीचं नाव घेऊन स्वतःशी बडबडणारी बाई सगळं जाणून होती, तरी रोज उंबऱ्यात पाय पसरून बसत होती. मला अण्णांपेक्षा त्यांचीच जास्त चीड आली. अण्णांना निदान बाई काय सोसते ते कळत नसेल. हिला तर कळत होतं.

कॉलेजातली माझी मैत्रीण कुमुद सांगलीला मुलींचं वसतिगृह चालवायची. तिला मी पोस्टातून फोन केला. ती म्हणाली, “मुलगी सज्ञान आहे ना? मग तिच्या पायानं येऊ दे. पुढचं मी बघते.”

माझ्या घराला मागं परसदार होतं आणि ते दुसऱ्या गल्लीत उघडायचं. ठरलं ते असं: पुढच्या आठवड्यात सोमवारी तासाच्या मध्ये जयमालानं पोट दुखतंय म्हणून परसात जायचं. दार नुसतं लोटलेलं असेल. गल्लीच्या तोंडाशी कुमुद रिक्षा घेऊन थांबेल. हे सगळं मी तिला साहेबाच्या प्रश्नोत्तरांत घोळून सांगितलं. तुला दुखत असेल तर तू बाहेर जाऊ शकतेस. दार उघडं असेल तर कुणी अडवणार नाही. तू रिक्षात बसलीस तर मागं बघू नकोस. प्रत्येक वाक्याला ती “येस, मॅडम” म्हणत होती आणि तिच्या कपाळावर घाम साचत होता.

सोमवारी दोघी वेळेवर आल्या. मी पहिले प्रश्न विचारले ते मला आज आठवत नाहीत. जयमालानं पोटावर हात ठेवला.

“काकी, मी जरा मागं जाऊन येऊ?”

काकींनी तिच्याकडं बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “जा. आणि व्हाणा घालून जा, परसात काटं असत्यात.”

ती चपला घालून गेली. मागचं दार किरकिरल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी तो झाकायला खोकले. मग फळा पुसला. मग पुन्हा पुसला. काकी विणत होत्या. मी त्यांना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. मी आईच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलले.

“मॅडम,” काकी मान वर न करता म्हणाल्या, “परसात गेलेल्या माणसाला एवढा वेळ लागत न्हाई.”

“पोटात दुखतंय म्हणाली ना.”

“ती कुठं म्हणाली? तुम्ही सांगितलं तिला तसं. परवा. इफ यू हॅव पेन, यू कॅन गो औट.” त्यांचे उच्चार ओबडधोबड होते, पण वाक्य माझंच होतं. “असंच हुतं न्हवं?”

मी फडकं टेबलावर ठेवलं.

“तुम्हाला इंग्रजी येतं?”

“येत नव्हतं. बसून बसून आलं. एका जागी बसवलेल्या माणसाचे कान तेवढे मोकळे असत्यात.”

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अण्णा लवकर आले होते. आणि काकी उठल्या. मी झेप घालून त्यांचा हात धरला. आता ही बाई दारात जाऊन ओरडणार, जीप मागच्या गल्लीत वळणार, रिक्षा अजून स्टँडपर्यंतसुद्धा पोचली नसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी माझी बोटं एक-एक करून सोडवली, पदर डोक्यावर घेतला आणि उंबऱ्याबाहेर गेल्या. मी पडद्याआडून ऐकत राहिले.

“झालं का?” अण्णांचा आवाज.

“कुठलं? मॅडम आत्ता कुठं साहेबाचं प्रश्न घ्यायला लागल्यात. मध्येच उठवली तर समदं विसरंल.”

“तिला हाक मार जरा. बाहेर येऊ दे.”

“कशाला?”

“तोंड बघू दे. दोन दिवस झालं कायतरी निराळीच दिसतीय ती.”

मी डोळे मिटून घेतले.

“अहो,” काकींनी आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल इतकाच, “बायकांचं हाय. आत पडलीया जरा. आता ते पण तुम्हाला दाखवायचं का?”

अण्णा घसा खाकरले. “बरं, बरं. मी वखारीवर जाऊन येतो.” जीप गेली.

काकी आत आल्या, स्टुलावर बसल्या. या वेळी सुई हातात घेतली नाही.

“पोरीला नलिनीचं नाव कसं कळलं असं वाटलं तुम्हाला? मी काय भिंतीशी बोलत हुते?”

“मग तिला सरळ का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “ती तुम्हाला घाबरते. तुमचा राग करते.”

“करू दे की. यांना तोंड वाचता येतं, मॅडम. मी तिच्या बाजूची हाय हे तिला कळलं असतं, तर तिच्या तोंडावर दिसलं असतं. भ्याली म्हणून वाचली ती. आणि तुमचंबी तेच. तुम्ही मला शिव्या देत हुता मनात, ते बरं हुतं.”

मी मागच्या दाराकडं बघितलं.

“नलिनी माझ्या सख्ख्या बहिणीची लेक,” त्या म्हणाल्या. “तिचं लग्न लागलं तेव्हा मी मांडवात मिरवत हुते.”

“आणि अण्णा? त्यांना माहीत असून?”

“कॅनडावाल्यानं त्यांना शब्द दिलाय. जयमाला तिकडं पोचली की वर्षाच्या आत आमच्या अभिजितला बोलावून घेणार. अभिजित माझा. एकुलता एक.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आता न्हाई बोलवायचा.”

मी त्यांना म्हणाले, तुम्हीही चला, कुमुदकडं जागा आहे. त्यांनी मान हलवली.

“दोघी गेलो तर दोघींना शोधतील. एकटी ती गेली तर मी सांगीन तिकडं शोधतील. मी सांगणार, मागच्या दारानं पळाली आणि पुण्याच्या गाडीत चढताना मी बघितली. मी पळत गेले पण मला गावली न्हाई.” मग त्यांनी परसदार उघडलं, अनवाणी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या आणि धुळीनं भरलेल्या पायांनी परत आल्या. जीप येईपर्यंत त्या माझ्या ओसरीवर तशाच उभ्या होत्या.

पुढचं फार नाटकी झालं नाही. अण्णांची जीप सातारच्या दिशेनं सुसाट गेली. ते परत येऊन माझ्या दारात जे बोलले ते गल्लीनं ऐकलं, आणि माझ्या निम्म्या शिकवण्या त्या आठवड्यात बंद झाल्या. जयमालानं पोलीस ठाण्यात आपण स्वखुशीनं घर सोडलंय असं सांगितलं. लग्नाची तारीख उलटून गेली. काकींना अण्णांनी काय केलं ते मला कळलं नाही, पण शेजारणींनी सांगितलं की काही महिने त्या घराबाहेर दिसल्या नव्हत्या. कॅनडावाल्यानं पुढं कुठली मुलगी बघितली का, ते मी आजही जाणत नाही, आणि तो विचार कधी मनातून पुरता गेलाही नाही. अभिजित पुढं वखारीतच बसायला लागला.

कोर्स पुरा करून जयमाला सांगलीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला लागली तेव्हा मी कुमुदला भेटून आले होते. त्यानंतरच्या गुरुवारी बाजारात मला हिराकाकी दिसल्या. केस पांढरे झाले होते. मागं वखारीतला एक माणूस पिशवी धरून उभा होता आणि त्याचं लक्ष भाज्यांवर नव्हतं, त्यांच्यावर होतं. मी त्यांच्या शेजारी वाकून गवारीच्या शेंगा निवडू लागले.

“काकी,” मी पुटपुटले, “ती आता—”

“काही सांगू नका,” त्या शेंगांकडेच बघत म्हणाल्या. “म्हायती नसलं म्हंजे कुणी विचारलं तरी सांगता येत न्हाई.”

त्यांनी एक शेंग मोडून बघितली, टाकून दिली, दुसरी घेतली.

“पोटभर जेवती का, एवढंच सांगा.”

“जेवते,” मी म्हणाले.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या भाजीवालीवर डाफरल्या, “काय गं, ही गवार हाय का सरपण? जून शेंगा माझ्या गळ्यात मारतीस व्हय?”